चार नंबरची पिशवी

१

सकाळी सव्वानऊला धाकटी दार न वाजवता आत आली, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे भिंगबाईंनी ओळखलं. या मुलीला चार वर्षांत कधी दार न वाजवता येताना त्यांनी पाहिलं नव्हतं. टाकीत हात घालताना चढवायचे जाड निळे हातमोजे तिच्या हातात तसेच होते आणि ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम, चार नंबरची पिशवी टाकीत नाहीये," ती म्हणाली.

भिंगबाई या संशोधन संस्थेच्या क्वालिटी अधिकारी. कशावर कोणतं लेबल लागतं, कोणता कागद कुठे जातो, कोण हात न धुता आत शिरतं, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं हे त्यांचं काम. बावीस वर्षं त्या ते इमानेइतबारे करत होत्या, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. आपण ते बाईंच्या पाठीमागे घेतो असं सगळ्यांना वाटायचं. बाईंना ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना उलट पावली त्यांच्या बालपणात न्यायचं, म्हणजे त्यांच्या मूलपेशी करायच्या. मग त्या मूलपेशींना शिकवून-सवरून शरीराचं रक्षण करणाऱ्या लढाऊ पेशी बनवायच्या, आणि पिशवीत भरून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायच्या. उद्या एखाद्या रोग्याची प्रतिकारशक्ती संपली, तर त्याच्याच पेशींची अशी ताजी फौज त्याला परत देता येईल का, हा प्रश्न होता. अजून तो उंदरांनाच विचारला जात होता. माणसाला एक थेंबही द्यायची परवानगी नव्हती.

निरोगी रक्त आणायचं कुठून? तर घरचंच. भिंतीवर पाळीचा तक्ता टांगलेला असे आणि ज्याची पाळी त्याने बाही वर करायची. ज्याची पाळी त्याची चेष्टा व्हायची, की आज जेवून आलात ना, मागच्या वेळी नुसतं पाणीच निघालं. रक्ताच्या नळीवर नाव नाही, नंबर. कोणता नंबर कोणाचा ते एका बंद पाकिटात, बाईंच्या कपाटात. पेशींच्या तपासणीचे अहवाल वेगळ्या फाईलमध्ये, फक्त नंबराने. कोणाच्या शरीराचं गुपित कोणाला कळू नये म्हणून पाकीट आणि फाईल एकाच टेबलावर कधीही उघडायची नाही, हा नियम खुद्द बाईंनीच घालून दिला होता.

त्या धाकटीच्या मागोमाग टाकीच्या खोलीत गेल्या. मामा तिथे आधीच उभे होते. तीस वर्षं जुने तंत्रज्ञ, सगळ्या संस्थेचे मामा. त्यांच्या हातून काचेची नळी कधी फुटली नाही अशी ख्याती होती, आणि नव्या लोकांना ती पहिल्याच दिवशी ऐकवली जाई. आज ते हात मामांनी कोटाच्या खिशात खोल खुपसले होते.

बाईंनी टाकीकडे पाहिलंच नाही. त्या शेजारच्या ओट्यावरच्या पाणी कोमट ठेवणाऱ्या यंत्रापाशी गेल्या. यंत्र बंद होतं. पण शेजारचा टॉवेल ओला होता, आणि यंत्राच्या छोट्या पडद्यावर शेवटची नोंद दिसत होती. आठ वाजून वीस मिनिटांनी चालू, आठ पस्तीसला बंद.

बाईंनी टॉवेल उचलून ती नोंद झाकली.

२

"एक पिशवी गेली तर एवढं काय?" सर म्हणाले. "विम्याचा फॉर्म भरा, मॅडम."

सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. पुढच्या आठवड्यात बाहेरून बडी मंडळी काम बघायला यायची होती, त्यामुळे गडी आधीच घायकुतीला आला होता. टाकीची किल्ली चौघांकडे होती. सर, धाकटी, मामा आणि सरांच्या हाताखालचे शास्त्रज्ञ, ज्यांना सगळे साबण म्हणत. चौघेही आज साडेआठच्या आत इमारतीत आले होते.

बाईंनी दार लावून घेतलं आणि सरांना शांतपणे समजावून सांगितलं. पिशवी कोणाला विकायची असती, तर चोराने ती गोठलेलीच नेली असती. वितळली की तिची किंमत शून्य. आपलं काम बुडवायचं असतं, तर ती ओट्यावर ठेवून निघून गेला असता, पेशी आपोआप मेल्या असत्या. पण या चोराने ती कोमट पाण्यात हळूहळू, नियमाप्रमाणे वितळवली आहे. इतके लाड माणूस एकाच कारणासाठी करतो.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे ती पिशवी आज कोणाच्या तरी अंगात जाणार आहे. वितळलेल्या पेशी चार तास टिकतात. चोर आणि तो रोगी, दोघंही इथून जवळच आहेत."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना आधी संस्थेचं नाव आठवलं, मग स्वतःचं, आणि मग बऱ्याच उशिराने तो रोगी. बाईंना त्यांचा राग आला, पण राग आला तसा संशय गेला. या माणसाला पिशवी दाखवायची होती, वापरायची नव्हती. पोलिसांना कळवू का, असं त्यांनी कुजबुजत विचारलं. कळवा, बाई म्हणाल्या, पण पोलिसांना टाकी म्हणजे काय हे समजेपर्यंत दुपार होईल.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

३

धाकटीला लपवायचं काही नव्हतं, निदान तसं तिने दाखवलं तरी. चार नंबरवरचं सगळं काम तिने केलं होतं आणि लेख छापताना सरांनी तिचं नाव शेवटी ढकललं होतं. त्यावरून महिनाभर दोघांत विस्तव जात नव्हता. बाईंनी ते विचारलं तेव्हा तिने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मला सूडच घ्यायचा असता, तर मी रात्रीसाठी टाकीचं झाकण उघडं ठेवून घरी गेले असते. सकाळपर्यंत सगळेच नंबर मेले असते आणि कोणाला कळलंही नसतं कोणी केलं."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की बाईंच्या अंगावर काटा आला. पण खोटं नव्हतं ते. खोटं बोलणारा माणूस आपला इतका नीट विचार केलेला गुन्हा समोरच्याला सांगत नाही. बाईंनी मनातल्या मनात टाकीला दुसरं कुलूप लावायचं ठरवलं आणि पुढे गेल्या.

साबण बेसिनपाशी उभा होता, दुसरीकडे कुठे असणार? उंच, शिडशिडीत, चाळिशीचा माणूस. कोपरापर्यंत हात धुण्याची त्याची सवय सहा-सात महिन्यांत इतकी वाढली होती की बेसिन त्याच्या नावावर करून द्या, असं लोक म्हणत. आता तो कोणाशी हात मिळवत नसे. डबा खायच्या खोलीत येत नसे, बाराच्या ठोक्याला मागच्याच आवारातल्या क्वार्टरवर जाऊन जेवून येई. खोलीतल्या सगळ्या कुंड्या त्याने एका दुपारी उचलून बाहेर नेऊन ठेवल्या, मातीत बुरशी असते म्हणाला. कोणी शिंकलं तर हा पठ्ठ्या सरळ उठून निघून जाई. पूर्वीचा तो असा नव्हता. पूर्वी बायकोला घेऊन संस्थेच्या सहलीला येणारा, तिच्या विनोदांना सगळ्यांत मोठ्याने हसणारा माणूस होता तो.

त्याने बाईंच्या प्रश्नांना थोडक्यात, सभ्यपणे उत्तरं दिली. सकाळपासून सूक्ष्मदर्शकापाशी होतो. कोणाला पाहिलं नाही. टाकीत पिशवी खाली घसरली असेल, पुन्हा नीट बघायला हवं.

"ती वितळवून नेलीये, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

"असं?" त्याने टॉवेलने एकेक बोट पुसलं. "मग शोधून तरी काय उपयोग? साडेबारानंतर त्या पेशी कशाच्याच कामाच्या नाहीत."

"वहिनी कशा आहेत?" बाईंनी निघता निघता विचारलं.

"माहेरीच आहे अजून. वडिलांचं दुखणं लांबलंय," तो म्हणाला आणि पुन्हा नळ सोडला.

मामांना बाईंनी आपल्या खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसा म्हटलं तर ते बसेनात. बाई काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, टाकीत दहा नंबर असताना चोराने चारच का न्यावा? मग म्हणाले, आता पोलीस चार नंबरची तपासणी करतील का? मागचे कागद उकरून काढतील का?

"मामा, तुम्ही नेलीत का पिशवी?"

"नाही, बाई. देवाशपथ नाही."

"मग घाबरताय कशाला?"

कितीही खोदून विचारलं तरी मामांनी ताकास तूर लागू दिली नाही. ते निघून गेले तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि बाईंच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा मामांविषयी संशय उभा राहिला होता.

४

चोराने चारच नंबर का न्यावा? प्रश्न मामांनी विचारला होता, पण तो बरोबर होता.

बाई खुर्चीत बसून विचार करू लागल्या. दुसऱ्याच्या लढाऊ पेशी आपल्या अंगात टाकून कोणाचं भलं होत नाही. शरीर परक्याला ओळखतं. ही टाकी फोडून रत्नं काढली तरी प्रत्येक रत्न जगात फक्त एकाच माणसाच्या कामाचं. म्हणजे चार नंबर ज्याचा, रोगी तोच. आणि ज्याचा नंबर त्यालाही तो माहीत नसतो. पण नळीवर आणि पिशवीवर नंबरासोबत रक्त घेतल्याची तारीख असते. अमुक दिवशी अमुक माणसाने रक्त दिलं हे ज्याच्या पक्कं लक्षात आहे, त्याला तारखेवरून नंबर काढणं काय अवघड?

त्यांनी कपाट उघडलं, पाकीट काढलं, आणि बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. सील फोडलं.

चार नंबरसमोर साबणाच्या बायकोचं नाव होतं.

आठवलं मग. तीन वर्षांपूर्वी तापाची साथ होती, पाळीचे तीन जण अंथरुणात होते. साबण वहिनींना घेऊन आला होता. मी काही तुमच्यासारखी हुशार नाही, पण रक्त लालच आहे, असं म्हणून त्यांनी हसत बाही वर केली होती.

आता एकेक गोष्ट जागच्या जागी बसू लागली, आणि बसताना प्रत्येक गोष्ट बाईंना टोचत गेली. हात धुणं. कुंड्या. शिंकणाऱ्यापासून पळणं. हे स्वतःच्या जिवाला जपणाऱ्या माणसाचं वागणं नव्हतं. घरी कोणीतरी असं आहे, ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी पार संपवली आहे, ज्याला एक साधी शिंकही मारू शकते. आपण त्याला नाव ठेवलं. सात महिने आपण त्याला हसलो. वहिनी माहेरी गेल्याच नव्हत्या. त्या मागच्या आवारात, अडीचशे पावलांवर होत्या.

आणि साडेबारा. यंत्र आठ पस्तीसला बंद झालं, हे बाईंनी टॉवेलने झाकून ठेवलं होतं. सरांना चार तास टिकतात एवढंच सांगितलं होतं, कधीपासून ते नाही. साडेबाराचा आकडा फक्त पिशवी वितळवणाऱ्यालाच माहीत असणार.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. खिडकीतून त्यांना साबण दिसला. तो आज नेहमीपेक्षा लवकर निघाला होता. कोट काढलेला, नाकातोंडावर पट्टी, झपाझप मागच्या फाटकाकडे.

बाईंनी फोनकडे हात नेला आणि थांबल्या.

आता खरं सांगायचं तर बाई त्या क्षणी पाघळल्या. कोणाचं नुकसान होतंय? पिशवी वहिनींची, शरीर वहिनींचं. आजार जडायच्या आधीच्या धडधाकट पेशी त्यांच्याच त्यांना मिळणार. परवानगी नाही, खरं आहे. उपयोगही होणार नाही कदाचित. पण आपलंच आपल्याला परत दिल्याने कोणी मरत नाही. परवानगीचे कागद यायला वर्ष लागेल, आणि तो माणूस चोरी करण्याइतका घायकुतीला आलाय याचा अर्थ वहिनींकडे वर्ष नाही. एक दिवस, फक्त एक दिवस, आपल्याला काही दिसलं नाही असं समजू. उद्या सकाळी अहवाल लिहू. मग काय व्हायचं ते होईल.

त्यांनी फोनवरचा हात काढला. डोळे पुसले. पाकीट पुन्हा कपाटात ठेवायला उठल्या.

खालच्या खणात तपासणी अहवालांची फाईल होती. नियम एकदा मोडलाच होता. चार नंबरच्या पेशी निदान चांगल्या होत्या ना, वहिनींना काही बाधणार नाही ना, एवढंच बघावं म्हणून त्यांनी फाईल उघडली.

पेशी निरोगी. जंतुसंसर्ग नाही. गुणसूत्रं सेहेचाळीस, सगळी शाबूत. खाली त्यांचीच दोन वर्षांपूर्वीची सही. आणि सहीच्या वर, एका ओळीत, लिंग: पुरुष.

५

पाकिटात स्त्री. फाईलमध्ये पुरुष. दोन्हीकडे सही भिंगबाईंची. दोन कागद तीन फुटांवर दोन वर्षं पडून होते, आणि ते शेजारी-शेजारी कधी येऊ नयेत याची काळजी खुद्द बाईंनी घेतली होती.

ती पिशवी वहिनींची नव्हती. कोणातरी परक्या पुरुषाची होती.

निरोगी माणसात परक्याच्या लढाऊ पेशी गेल्या, तर त्याची स्वतःची फौज त्यांचा फडशा पाडते. पण जिची फौजच शिल्लक नाही, तिच्या अंगात गेल्या तर त्यांना अडवणारं कोणी नसतं. त्यांना ते सगळं शरीरच शत्रू वाटतं. आधी कातडी, मग आतडी, मग यकृत. पंधरा दिवसांत, आणि मधल्या प्रत्येक दिवशी जागेपणी. बाईंनी उंदरांचे असे अहवाल वाचले होते. चित्रं होती त्यात.

त्यांनी दोन्ही कागद उचलले आणि साबणाला फोन लावत बाहेर पळाल्या. तो फोन उचलत नव्हता. जिन्याशी मामा उभे होते, सकाळपासून तिथेच उभे असल्यासारखे. बाईंनी दोन्ही कागद त्यांच्यापुढे धरले.

"मामा, त्या दिवशी वहिनींचं रक्त तुम्ही काढलंत. हा पुरुष कोण?"

मामांनी कागदांकडे पाहिलं नाही. "बाई, आधी सांगा, पिशवी कोणाला देणार आहेत?"

"वहिनींना. आत्ता. घरी."

मामा साठ वर्षांचे होते आणि त्यांचा एक गुडघा दुखरा होता. बाई जिना उतरून खाली येईपर्यंत ते फाटकापाशी पोचले होते.

६

क्वार्टरचा दुसरा मजला. दाराबाहेर एकही चप्पल नाही, ओला पोछा अंथरलेला. आतून हवा गाळणाऱ्या यंत्राची संथ घरघर येत होती. दाराला कडी लावलेली नव्हती. कडी लावायचीही उसंत त्याने घेतली नसावी.

बैठकीच्या खोलीचे दोन भाग करून मधे जाड प्लॅस्टिकचा पडदा छतापासून जमिनीपर्यंत सोडला होता. पडद्यापलीकडे पलंग होता. पलंगावर वहिनी होत्या, पण बाईंना त्या लगेच ओळखता आल्या नाहीत. डोक्यावर केस नव्हते, चेहऱ्याला रंग नव्हता. उशाशी सलाईनचा स्टँड, त्यावर ती पिशवी. नळीतून थेंब पडत होते.

साबण स्टँडपाशी उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि तो आडवा आला, दोन्ही हात पसरून.

"पडद्याच्या आत येऊ नका. जे लिहायचं ते नंतर लिहा, मी सगळं कबूल करीन."

"डॉक्टर, नळी बंद करा. त्या पेशी वहिनींच्या नाहीत." बाईंनी दोन्ही कागद प्लॅस्टिकवर दाबून धरले. "चार नंबर पुरुषाचा आहे. वाचा."

त्याने वाचलं. त्याच्या डोळ्यांत काही हललं नाही.

"फाईल बदलता येते," तो म्हणाला. "तारीख मी स्वतः बघितली आहे. मी तिला घेऊन आलो होतो, माझ्यासमोर रक्त काढलं. तुम्हाला नियम वाचवायचाय, बाई. मला ही वाचवायचीय."

थेंब पडत होते. या माणसाच्या जागी त्या असत्या, तर त्यांनीही कागदावर विश्वास ठेवला नसता. त्यांनी पडद्याची कड हातात धरली आणि सोडून दिली. सगळ्या आवाराची धूळ अंगावर घेऊन आत शिरलं, तर त्यानेच वहिनी जातील.

तेवढ्यात मामा पुढे झाले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी ते दोन हात खिशातून बाहेर काढले आणि कुठे ठेवावेत ते न कळून तसेच समोर धरले.

"फुटली होती नळी," मामा म्हणाले. "तुम्ही दोघं गेलात, आणि माझ्या हातून फुटली. सगळं रक्त जमिनीवर. वहिनींना परत बोलवायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. मी माझंच काढलं आणि भरलं. निरोगी माणसाचंच हवं होतं ना, कोणाचं का असेना, असं वाटलं मला. वहिनींना कधी लागेल, हे कुठे ठाऊक होतं? डॉक्टर, ते माझं आहे. बंद करा ते."

तीस वर्षांत या माणसाने अशी कबुली कधी दिली नव्हती, आणि खोटं बोलून मिळवण्यासारखंही त्याच्यापाशी काही नव्हतं. साबणाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचा हात आपोआप नळीकडे गेला आणि त्याने चाप सरकवला. थेंब थांबला.

"किती वेळ चालू होतं?" बाईंनी विचारलं.

"सात मिनिटं," तो म्हणाला. त्याने सुई काढली, कापूस दाबला, सगळं नीट, शिकवल्यासारखं केलं. मग पलंगाच्या कडेला टेकला. आता कुठे त्याचे खांदे हलू लागले.

वहिनी जाग्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवाज अगदी बारीक येत होता, पण त्यातलं हसणं पूर्वीचंच होतं.

"म्हणजे मी त्या टाकीत नव्हतेच," त्या म्हणाल्या. "हा रोज सांगायचा, तू तिथे ठणठणीत आहेस, फक्त आणायची खोटी."

बाईंना वाटलं, आपण एक जीव वाचवला आणि त्याच हाताने त्याची शेवटची आशा काढून घेतली. ती आशा खोटी होती, पण तिच्यावर ही दोघं सात महिने जगली होती.

"आणि जे आत गेलं ते मामांचं?" वहिनींनी विचारलं.

मामा भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांनी मान हलवली.

"मग ते कशाला माझ्या वाईटावर उठेल?" वहिनी म्हणाल्या. "मामांना मुंगी मारवत नाही. हो ना रे? नाही ना काही करणार?"

साबणाने अठरा वर्षं याच एका प्रश्नाचा अभ्यास केला होता. सात मिनिटांत अंदाजे किती पेशी गेल्या, त्यातल्या किती तग धरतील आणि पहिला चट्टा साधारण कितव्या दिवशी उमटेल, हे त्याच्याइतकं नेमकं सांगणारा माणूस जवळपास नव्हता. त्याने तिचा हात हातात घेतला.

"नाही करणार," तो म्हणाला.

मग त्याने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून विचारत गेले तसं त्याने रुग्णाचं वय सांगितलं, वजन सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं. परक्या पेशी किती वेळ गेल्या, असं विचारल्यावर मात्र त्याला ते दोन शब्द उच्चारता येईनात, आणि शेवटी पडद्याबाहेरून बाईंनीच मोठ्याने सांगितले.